उसाच्या फडातली पोके

हवाई बेटांवरची 'पोके' आता पुण्या-मुंबईच्या हॉटेलांतही मिळते. वाडगाभर भात, त्यावर कच्च्या ट्यूनाचे तुकडे, सोया सॉस, तिळाचं तेल, कांद्याची पात. बीड जिल्ह्याला समुद्र नाही, मासा कच्चा खायची रीतही नाही. तरी या पदार्थाचं कूळ बीडच्या माणसाला चटकन ओळखू येईल.

'पोके' हे आधी पदार्थाचं नाव नव्हतंच. हवाईयन भाषेत पोके म्हणजे आडवे काप करणं. कालवण्यावरून आपलं कालवण झालं, तसंच हे. तिथले लोक किनाऱ्यालगतचा मासा कापून त्याला खडेमीठ लावत, 'लिमू' नावाचं समुद्रशैवाल घालत, वर 'इनामोना' टाकत. इनामोना म्हणजे जंगली अक्रोडाचं बी भाजून, मीठ घालून कुटलेलं. हे बी कच्चं खाल्लं तर जुलाब होतात, म्हणून भाजायचं. आपली कारळ्याची चटणी याच जातीची. तव्यावर कारळं तडतडतं, खमंग वास सुटतो, मीठ-लसूण घालून कुटताना बत्त्याला तेल लागतं.

मग सोया सॉस आला कुठून? उसाच्या फडातून. 1885 साली 'सिटी ऑफ टोकियो' हे जहाज 900हून अधिक जपान्यांना घेऊन होनोलुलूला लागलं. उसाच्या मळ्यांवर काम करण्याचा त्यांचा करार झालेला. पुढे अशा मजुरांच्या गळ्यात नंबराचे बिल्ले आले, हजेरी नावाने नव्हे, नंबराने लागू लागली. आपल्याकडे दसरा झाला की उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात आणि नवरा-बायको मिळून हिशेबात एक 'कोयता' धरला जातो. नाव पुसण्याची ही रीत मला दोन्हीकडे सारखीच बोचते. आपली माणसं फडावर भाकरी-ठेचा नेतात, त्यांनी भात आणि सोया सॉस नेला. तोच हवाईच्या माशात उतरला. हवाईतला शेवटचा साखर कारखाना 2016 साली बंद पडला. मजुरांची चव मात्र वाडग्यात राहिली.

घरी करायची तर एक ध्यानात ठेवा. माजलगाव किंवा मांजरा धरणातला मासा कितीही ताजा असला, तरी कच्चा खाऊ नका. गोड्या पाण्यातल्या माशात माणसाला बाधणाऱ्या कृमी असू शकतात, आणि मीठ-लिंबाने त्या मरतीलच असं नाही. कच्च्या खाण्यासाठी मासा उणे 20 अंशांवर 7 दिवस गोठवायचा दंडक आहे. घरच्या फ्रीजमध्ये तेवढी थंडी टिकत नाही. त्यापेक्षा काटे कमी असलेली मरळ घ्या, पूर्ण वाफवा, गार करून तुकडे करा. वर कांदा, मीठ, तिळाचं तेल आणि मूठभर भरड कुटलेलं कारळं घालून हलक्या हाताने कालवा. लगेच खा, उरवू नका.