पुढची वाघीण कोणती?

इंग्रजांचा 'वॅगन' हा शब्द आमच्या स्टेशनांवरील हमालांच्या व कामगारांच्या तोंडी पडला आणि त्याची 'वाघीण' झाली. लाकडालोखंडाच्या मुक्या पेटीस असे हिंस्र नाव मिळालेले पाहून हसू येते खरे. परंतु ह्या बाबतीत आम्ही एकटे नाही. इंग्लंडातील ग्रेट वेस्टर्न रेल्वेने तारेचे निरोप आटोपशीर व्हावेत म्हणून आपल्या मालडब्यांस सांकेतिक नावे दिली होती. झाकलेला डबा म्हणजे 'मिंक', अवजड यंत्रे वाहणारा ठेंगणा डबा म्हणजे 'क्रोकोडाइल', आणि गाडीच्या शेपटाशी असणारा गार्डाचा डबा म्हणजे 'टोड', अर्थात भेक! वाघीण ह्या नावास मगर व बेडूक ह्यांची सोबत आहे हे पाहून आमच्या हमालांच्या कल्पकतेविषयीचा आदर वाढतो.

ह्या वाघिणींच्या वीतभरही लांबी नसलेल्या प्रतिकृती घरातील मेजावर रूळ मांडून चालविणारी हजारो प्रौढ माणसे इंग्लंडात आहेत. त्यांच्या बोलण्यातला एक नेहमीचा विषय असा, की प्रतिकृती करणारे कारखानदार आता पुढची वाघीण कोणती काढणार? ह्या प्रश्नावर वाद होतात, पैजा लागतात, मतदान घेऊन याद्याही केल्या जातात. कारखानदारांनी आपली वार्षिक योजना नव्या वर्षाच्या आरंभी जाहीर करावी अशी पुष्कळ वर्षे प्रथा होती. अलीकडे काही जण ती तीन तीन महिन्यांनी जाहीर करतात, त्यामुळे तर्कास वर्षभर उसंत म्हणून नाही. हे ऐकून वाचकांस हसू आले तर आम्ही त्यांस दोष देणार नाही. प्रथम आम्हीही हसलोच. परंतु थोडा विचार करता आम्हांस असे वाटू लागले, की वरवर पोरकट दिसणाऱ्या ह्या वादात इतिहासलेखनाचा एक मूलभूत प्रश्न गुंतलेला आहे. तो प्रश्न हा, की सामान्य वस्तूंचा इतिहास कोणी आणि कशाच्या बळावर राखावयाचा?

प्रथम ह्या खेळाची पूर्वपीठिका पाहू. जर्मनीतील ग्योपिंगेन गावच्या 'मेर्क्लिन' कारखान्याने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत किल्लीची आगगाडी मांडली. तिचे वैशिष्ट्य असे, की रुळांचे माप ठरीव असल्यामुळे आज एक डबा, उद्या दुसरा असा संसार हळूहळू वाढविता येई. 'पुढचा डबा कोणता?' हा प्रश्न खरोखर त्याच दिवशी जन्मास आला, असे म्हणण्यास हरकत नाही. इंग्लंडात नॉर्थॅम्प्टनच्या बॅसेट-लोक ह्यांनी १८९९ पासून हा व्यवसाय चालविला, आणि लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी ह्यांनी, ज्यांच्या 'मेकॅनो'ने आमच्याकडील कित्येक सुखवस्तू घरांतील मुलांच्या सुट्ट्या रंगविल्या, १९२० साली आगगाड्या काढल्या. त्यांच्या पत्र्याच्या डब्यांवर मोहरी व बिस्किटे विकणाऱ्या पेढ्यांची नावे झळकत. डबे चालत मुलांच्या दिवाणखान्यात आणि जाहिरात होई आईच्या स्वयंपाकघरातील मालाची!

पुढे मुले मोठी झाली, परंतु नाद सुटला नाही. उलट त्यांची नजर चिकित्सक झाली. डबा केवळ डब्यासारखा दिसून चालेना. तो अमुक साली, अमुक कारखान्यात बांधलेल्या अमुक डब्याची हुबेहूब प्रत हवा. आज ब्रिटनमध्ये प्रचलित असलेले प्रमाण एका फुटास चार मिलिमीटर, म्हणजे मूळ वस्तूच्या शहात्तराव्या हिश्शाचे आहे. गंमत अशी, की ह्या प्रमाणाने रुळांतील अंतर १८.८३ मिलिमीटर हवे, परंतु ते १६.५ ठेवलेले आहे. ब्रिटिश इंजिने आकाराने लहान. रुळांच्या मापास धरून त्यांची प्रतिकृती केली तर आत मोटर मावेना. तेव्हा इंजिन थोडे मोठे केले आणि रूळ होते तेच राहू दिले. ह्या तडजोडीमुळे सारी गाडी जवळजवळ सात इंचांनी अरुंद असलेल्या मार्गावर धावते, आणि जो शौकीन वाघिणीवरील एका खिळ्याची चूक सहन करीत नाही तो ही मोठी चूक रोज डोळ्यांआड करतो. माणसाचे सत्यप्रेम कोठे जागे होते आणि कोठे झोपते, ह्याचा हा एक बोलका मासला होय.

आता खऱ्या वाघिणींकडे वळू. ब्रिटनमधील वाघिणींचे एवढे असंख्य प्रकार का, ह्याचे कारण तेथील कोळशाच्या व्यापारात आहे. तेथे वाघिणी केवळ रेल्वे कंपन्यांच्याच नव्हत्या. खाणींच्या, गिरण्यांच्या, व्यापाऱ्यांच्याही होत्या. मोठ्या खाणीच्या हजारो, तर एखाद्या खेड्यातील कोळसेवाल्याची एकच. तो ती एक वाघीणसुद्धा हौसेने रंगवून घेई आणि तिच्या अंगावर आपले व गावाचे नाव हातहात उंचीच्या अक्षरांत लिहवी. १९२३ साली ह्या खाजगी वाघिणींसाठी बारा टनी वाघिणीचा नमुना ठरविण्यात आला. तिच्या दोन आसांतील अंतर नऊ फूट असे. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच सरकारने अशा सुमारे सहा लक्ष खाजगी वाघिणी एकत्र करून आपल्या हाती घेतल्या. तेव्हापासून वाघीण मिळेल तेथे भरावी आणि लागेल तेथे न्यावी असा क्रम झाला. नावांस कोणी रंग देईना, आणि ती अक्षरे पाऊसधुरात फिकट होत गेली. १ जानेवारी १९४८ रोजी रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा सरकारी मालकीत सुमारे वीस हजार वाफेची इंजिने आणि सुमारे बारा लक्ष वाघिणी आल्या, म्हणजे एका इंजिनामागे साठ वाघिणी. पुढे सोळा टनी पोलादी वाघिणी दोन लक्षांहून अधिक बांधल्या गेल्या. त्याही कालांतराने मोडीत निघाल्या. १९६५ च्या सुमारास ज्यांच्या तळाची दारे उघडून चालत्या गाडीतून कोळसा ओतता येतो अशा मोठ्या वाघिणी आल्या, आणि आता ब्रिटनमध्ये कोळसा जाळून वीज करण्याचेच संपले. लाकडी वाघिणी जळणात गेल्या, पोलादी भट्टीत गेल्या.

आणि इंजिनांचे काय झाले? 'मॅलार्ड' इंजिनाने १९३८ साली ताशी १२६ मैलांचा वेग गाठला. ते आज यॉर्कच्या राष्ट्रीय संग्रहालयात राजासारखे विराजमान आहे. त्याचे योग्य कौतुक झाले ह्याचे आम्हांस समाधान आहे. परंतु ज्यांनी एका राष्ट्राच्या चुली, गिरण्या आणि खुद्द ती इंजिनेही पेटती ठेवली, त्या बारा लक्षांतून जतन झाल्या त्या हाताच्या बोटांवर नव्हे तरी वहीच्या थोड्या पानांत मावण्याइतक्याच. इतिहासात राजे राहतात आणि भोई विसरले जातात, तोच हा न्याय.

येथे त्या शौकिनांचा तर्कवाद उपयोगी पडतो. पुढची वाघीण कोणती हे ते हवेत सांगत नाहीत. त्यांच्या अनुमानास प्रमाणे असतात. पहिले प्रमाण साच्याचे. वितळलेले प्लॅस्टिक दाबाने भरण्याचा पोलादी साचा फार खर्चाचा; तेव्हा कारखानदाराने नऊ फुटी सांगाडा नव्याने केला, की त्यावर बसणारी आणखी दोनतीन शरीरे तो काढणार हे ठरलेलेच. दुसरे प्रमाण उणिवेचे: अमुक इंजिनाची प्रतिकृती आली, पण त्यामागे जोडावयास त्या काळची वाघीणच नाही, मग ती येणार नाही काय? तिसरे प्रमाण साधनांचे. मूळ वाघीण कोठे उभी असेल तर तिचे मोजमाप घेता येते. नसेल तर कारखान्याचे नकाशे आणि छायाचित्रे शोधावी लागतात. ग्लॉस्टर येथील वाघिणी बांधणाऱ्या कंपनीने आपण बांधलेल्या वाघिणींची छायाचित्रे काढून ठेवण्याची शिस्त पाळली होती. तो संग्रह सुदैवाने वाचला, आणि ज्या कोळसेवाल्यांचे नाव त्यांच्या गावातही कोणास आठवत नाही त्यांच्या वाघिणीची अक्षरे त्यात स्पष्ट वाचता येतात. तर्क करणारा मनुष्य आपले म्हणणे सिद्ध करण्यासाठी असे नकाशे, अशी छायाचित्रे, अशा नोंदवह्या धुंडाळतो. तो स्वतःस इतिहाससंशोधक म्हणवीत नाही. परंतु दप्तरे चाळणे, पुराव्यास पुरावा ताडून पाहणे आणि प्रतिपक्षाचे खंडन करणे ह्याखेरीज संशोधक तरी वेगळे काय करतो?

तथापि ह्या चित्राची दुसरी बाजू न दाखविणे अप्रामाणिकपणाचे होईल. खेळण्याच्या बाजारास रंग आवडतो. लाल, पिवळ्या, निळ्या नावांच्या वाघिणी हातोहात खपतात. मळकट करड्या वाघिणीस गिऱ्हाईक कमी. म्हणून जी वस्तू खऱ्या रुळांवर लाखांनी होती ती मेजावर दुर्मिळ, आणि जी एका गावात एकच होती ती घरोघर! शिवाय पुष्कळदा एकच शरीर घेऊन त्यावर वाटेल त्या व्यापाऱ्याचे नाव छापले जाई, मग त्याची खरी वाघीण निराळ्या मापाची असो. नऊ फुटांऐवजी दहा फुटांचा सांगाडा खाली घातल्याची उदाहरणे तर जुन्या शौकिनांस तोंडपाठ आहेत. प्रतिकृतीत हा फरक अवघा चार मिलिमीटर भरतो, पण तेवढ्याने वाघिणीचा सारा बांधा बदलतो. चुकीची प्रतिकृती ही चुकीच्या बखरीसारखी आहे: ती देखणी असेल तर खऱ्या कागदापेक्षा तीच लोकांच्या ध्यानात राहते. समाधानाची गोष्ट ही, की ह्या चुका प्रथम दाखविल्या त्या गिऱ्हाइकांनीच. त्यांच्या तगाद्यामुळे अलीकडचे कारखानदार मूळ वस्तू मोजून मगच साचा करतात. आयर्लंडात निघालेल्या 'अ‍ॅक्युरास्केल' ह्या नव्या कंपनीने तर ब्रिटिश नमुन्यांचा आरंभ इंजिनाने न करता कोळशाच्या वाघिणीनेच केला.

हे सारे साता समुद्रांपलीकडचे, आपल्यास त्याचे काय, असे कोणी म्हणेल. त्यास आमचे उत्तर बार्शी लाइट रेल्वे हे आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप ह्या इंग्रज एंजिनियराने १८९७ साली सुरू केलेली अडीच फूट रुळांची ही गाडी सोलापूर जिल्ह्यातील वृद्धांच्या अजून स्मरणात आहे. कॅलथ्रॉपने तिच्या वाघिणी दाबीव पोलादाच्या करविल्या, आणि कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ नये असा नियम घालून मालाचे सर्व प्रकारचे डबे एकाच मापाच्या सांगाड्यावर बसविले. एक सांगाडा आणि अनेक शरीरे ही जी युक्ती खेळण्यांचे कारखानदार आज वापरतात, ती त्याने खऱ्या गाडीत वापरली होती. बार्शीच्या अनुभवाची शिदोरी घेऊन त्याने पुढे इंग्लंडात लीक आणि मॅनिफोल्ड ही तशीच अडीच फुटी गाडी उभारली. ती १९०४ साली निघाली व १९३४ साली बंद पडली. तिचे आयुष्य उणेपुरे तीस वर्षांचे. तरीही इंग्लंडातील शौकीन तिच्या वाघिणींच्या प्रतिकृती प्रेमाने करतात. बार्शीची गाडी मात्र शंभर वर्षांहून अधिक चालली. पंढरपूरचा रस्ता तिने हजारो वारकऱ्यांस सोपा केला. यात्रेच्या गर्दीत माणसांसही मालडब्यांत कोंबून नेण्याची चाल भारतातील रेल्वेंवर होती, आणि त्याविरुद्ध लोकांनी पुष्कळ ओरड केली होती. म्हणजे आपल्या आजापणज्यांपैकी कित्येकांनी विठोबाची वाट अशा वाघिणीत उभ्याने काढली असेल. २००८ पर्यंत तो सारा मार्ग मोठ्या रुळांचा झाला आणि त्या वाघिणींचे काम संपले.

पुण्यास कोथरूडात जोशी ह्यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. तेथे मुलांची गर्दी लोटते, ही आनंदाची गोष्ट होय. आमचे मागणे एवढेच आहे, की तेथून घरी परतलेल्या मुलाने बापास 'पुढची गाडी कोणती?' असे विचारले, तर त्याने खांदे उडवू नयेत. त्याने मुलास घेऊन कुर्डुवाडीस जावे, जुन्या कारखान्यात काम केलेल्या एखाद्या म्हाताऱ्यापाशी बसावे, वाघिणीची लांबीरुंदी, दारांची कडी, रंग, तिच्यावरची अक्षरे विचारून घ्यावीत आणि वहीत टिपून ठेवावीत. पुढे त्या मापांवरून कोणी प्रतिकृती केली तर उत्तमच. न केली तरी वही राहील. लीकच्या तीस वर्षांच्या गाडीचे एवढे टिपण आहे आणि बार्शीच्या शंभर वर्षांच्या गाडीचे इतके थोडे, ह्याचा दोष कॅलथ्रॉपकडे नाही. तो आपल्याकडे आहे, आणि सांगणारी माणसे आहेत तोवर तो काही अंशी दूर करता येण्याजोगा आहे.