सिलिकॉनच्या अंतरंगातले गणित : व्हिएन्नातील एका संस्थेची वाटचाल

चिप प्रत्यक्ष घडवण्याआधी तिच्यातून वीज कशी वाहील, हे गणिताने पडताळून पाहणे आज सेमीकंडक्टर उद्योगात नित्याचे झाले आहे. या विद्येच्या जडणघडणीत व्हिएन्ना तांत्रिक विद्यापीठाच्या मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स संस्थेचा वाटा फार मोठा आहे.

पाया अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये घातला गेला. विद्युतविभवाचे एक आणि इलेक्ट्रॉन व होल यांच्या वहनाची दोन, अशी तीन समीकरणे परस्परांत गुंतलेली असतात. ती संगणकावर आलटून पालटून सोडवण्याची रीत हरमन गुमेल यांनी १९६४ मध्ये मांडली. मात्र अगदी थोड्या अंतरात वाहकांची घनता कोट्यवधी पटींनी बदलते, आणि साध्या पद्धतीने उत्तरे हेलकावे खाऊ लागतात. १९६९ मध्ये शारफेटर व गुमेल यांनी काढलेला त्यावरचा तोडगा आजही टिकून आहे.

मॉस ट्रान्झिस्टरला एक मिती पुरत नाही : गेटचे विद्युतक्षेत्र उभे, प्रवाह आडवा. १९८० मध्ये सिगफ्रीड सेल्बरहेर, शुट्झ आणि पोट्झल यांनी व्हिएन्नात ‘मिनिमॉस’ हा द्विमितीय प्रोग्राम सिद्ध केला. वापरणाऱ्याने ट्रान्झिस्टरची मापे, डोपिंग आणि व्होल्टेज एवढेच द्यायचे. गणनेची जाळी प्रोग्राम स्वतः विणत असे. गणिताच्या खाचाखोचांत न शिरलेल्या अभियंत्यालाही हे साधन हाताळता आले, हे त्याचे खरे मोठेपण. १९८४ मध्ये सेल्बरहेर यांचा या विषयावरील ग्रंथ आला. पुढे त्यांच्या नावाचे आघात-आयनीकरणाचे प्रारूप व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्येही रुजले.

१९८८ मध्ये मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सची ही स्वतंत्र संस्था उभी राहिली आणि धुरा सेल्बरहेर यांच्याकडे आली. १९९० च्या सुमारास मिनिमॉस त्रिमितीय झाला. तरीही ठरावीक आकाराच्या ट्रान्झिस्टरसाठी बांधलेल्या त्या फोरट्रान प्रोग्रामला नव्या रचना पेलवेनात. नावारूपाला आलेले काम बाजूला ठेवून सारे नव्याने लिहिणे सोपे नव्हते; संशोधक विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी ते निभावले आणि ‘मिनिमॉस-एनटी’ आकाराला आला. निर्मितीप्रक्रियेचे व उपकरणाचे सिम्युलेशन एका सूत्रात ओवणारी ‘व्हिस्टा’ प्रणालीही याच काळातली.

या क्षेत्राची ‘सिस्पॅड’ ही आंतरराष्ट्रीय परिषद २००७ मध्ये व्हिएन्नात भरली. पाठोपाठ २००८ मध्ये संस्थेच्या कामातून ‘ग्लोबल टीकॅड सोल्यूशन्स’ ही कंपनी निघाली. संस्थेतील टिबोर ग्रासर यांच्या गटाने ट्रान्झिस्टर कालांतराने का थकतो, ऑक्साइडमधील दोष भार कसे पकडतात व सोडतात, याचा सखोल अभ्यास उभा केला. अलीकडे संस्थेतून निघालेली काही साधने मुक्त स्रोत म्हणूनही खुली झाली आहेत. ती उतरवून घेऊन कोणत्याही देशातील विद्यार्थी आपल्या संगणकावर चालवू शकतो.