केडगाव मागे पडतं तेव्हा

पुण्याहून रेल्वेने वाशिमला घरी निघालो की दौंडच्या थोडं आधी केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलं. शाळेत टीप लिहिण्यापुरतं पाठ केलेलं, बस्स.

मागच्या वर्षी बाबा गेले. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "देव परीक्षा बघतो रे, माणूस दुःखातूनच घडतो." मी मान डोलवायचो, पण आतून चिडचिड व्हायची. त्याच दिवसांत रमाबाईंबद्दल वाचायला घेतलं.

वडील अनंतशास्त्री डोंगरे, संस्कृतचे पंडित. पुराणं सांगत कुटुंब तीर्थोतीर्थी फिरायचं. १८७४ पासूनच्या दुष्काळाच्या काळात होतं नव्हतं ते दानधर्मात गेलं, उपासतापास झाले, पण अन्न मिळालं नाही. वडील, आई, मोठी बहीण पाठोपाठ गेले. १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा. पदरात मनोरमा, जेमतेम वर्षाची.

पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मला वाटलं, झालं, दुःख आणि मग श्रद्धा. पण गोष्ट इतकी सरळ नाही! त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवलंय की आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त भेटायला आणखी आठेक वर्षं गेली. म्हणजे दुःखाचं उत्तर असं लगेच हातात पडत नाही तर.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. तेव्हा शारदा सदनला अमेरिकेतून येणाऱ्या दहा वर्षांच्या मदतीची मुदत संपत आली होती. कुठल्याही हिशेबात नव्या मुली बसत नव्हत्या. पण आपण भुकेने कसे भटकलो होतो, हे बाई विसरल्या नव्हत्या. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना आणलं. केडगावला फळबागेसाठी घेतलेली जमीन होती, तिथेच 'मुक्ती' उभी राहिली. १८९९-१९०० च्या दुष्काळाने आमच्या वऱ्हाडालाही झोडपलं, तोवर तिथली संख्या दोन हजारांकडे चालली होती.

शेवटी १९२१ मध्ये मनोरमाही गेली. बाई हिब्रू-ग्रीक शिकून सोप्या मराठीत बायबल आणत होत्या. ते काम त्यांनी पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या.

माझी श्रद्धा वेगळी, नाही म्हटलं तरी जरा डळमळीतच. पण एक कळलं. दुःखाने त्यांना मोठं केलं असं म्हणणं म्हणजे दुष्काळाला श्रेय देणं झालं. दुष्काळाने लाखो माणसं नुसती मारली. रमाबाईंनी आपली भूक लक्षात ठेवली आणि ती दुसऱ्याच्या पोरींसाठी वापरली. त्यांची श्रद्धा वाढली ती तिथे.

असो. आता कुणाच्या घरी भेटायला गेलो तर "देव परीक्षा बघतो" म्हणत नाही. डबा घेऊन जातो.