झिजण्याचा इतिहास: स्पोर्टी गाडीचे ब्रेक आणि टायर

मोटारीचा इतिहास आपण सहसा इंजिनाच्या बाजूने वाचतो. किती सिलिंडर, किती हॉर्सपॉवर, ताशी किती वेग. आज आपण तो दुसऱ्या टोकाकडून बघू: गाडी थांबते कशी आणि थांबताना काय झिजतं. ज्याने एखादी चपळ, स्पोर्टी गाडी दहा-पंधरा वर्षं सांभाळली आहे, त्याच्या हे टोक चांगलं ओळखीचं असतं. इंजिन बिचारं मुकाट चालतं. पॅड, डिस्क आणि टायर यांची बिलं मात्र येतच राहतात.

आधी थोडा हिशेब करू. एक हजार किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवायची तर साधारण ३८६ किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी घालवावी लागते. लिटरभराहून जास्त पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीला आणायला एवढी ऊर्जा पुरते. आणि वेग दुप्पट केला की हा आकडा दुप्पट नाही, चौपट होतो. ही सगळी उष्णता ब्रेकमध्ये जाते. म्हणजे स्पोर्टी गाडीचा मालक वेगाची किंमत पेट्रोलपंपावर थोडी देतो आणि उरलेली ब्रेकवाल्याकडे.

डिस्क ब्रेक ही नवी कल्पना आहे असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी तिचं पेटंट १९०२ साली घेतलं. मग पन्नास वर्षं ती मागे का पडली? झिजेमुळे! डिस्कवर दाबण्यासाठी त्यांनी तांबं वापरलं होतं. रस्ते कच्चे, धुळीचे. धूळ आत जायची आणि तांबं भराभर झिजायचं. शिवाय धातूवर धातू घासला की किंचाळल्यासारखा आवाज यायचा, तो वेगळाच. म्हणजे कल्पना बरोबर होती, पण तिला साथ देणारा पदार्थ अजून हाती नव्हता.

तो पदार्थ शोधण्याच्या मागे हर्बर्ट फ्रूड हे गृहस्थ लागले होते. डर्बीशायरमधल्या चॅपल-एन-ल-फ्रिथ या गावी त्यांनी १८९७ पासून ब्रेकच्या ठोकळ्यांवर प्रयोग केले आणि पुढे ॲसबेस्टॉसचं लायनर बनवलं. फेरोडो हे नाव त्यांच्याच आडनावाच्या अक्षरांतून आलेलं आहे. ॲसबेस्टॉस उष्णतेला टिकतं, घर्षण चांगलं देतं, स्वस्तही पडतं. ब्रेकचा प्रश्न सुटला, असं सगळ्यांना वाटलं.

इथे आपण जरा थांबू. लायनर झिजतं म्हणजे ते नाहीसं होत नाही, त्याची धूळ होते. ड्रम उघडला की ती आत साठलेली दिसते, आणि मेकॅनिक लोक कित्येक दशकं ती हवेच्या नळीने फुंकून साफ करत आले. रॉचडेलच्या एका कारखान्यात ॲसबेस्टॉसचं सूत कातणाऱ्या नेली केरशॉ १९२४ साली वारल्या. त्यांच्या फुप्फुसांचा अहवाल डॉ. विल्यम कुक यांनी त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला. ब्रिटनमध्ये ॲसबेस्टॉसच्या कारखान्यांसाठी धुळीचे नियम १९३१ साली झाले. उरलेल्या वापरावर पूर्ण बंदी यायला मात्र १९९९ उजाडलं. ब्रेकच्या इतिहासाच्या पुस्तकांत शर्यतींवर प्रकरणंच्या प्रकरणं असतात आणि या धुळीवर एखादा परिच्छेद. आमच्या मते ही वाटणी चुकीची आहे.

आता शर्यतीकडे येऊ, कारण ती टाळूनही चालणार नाही. ड्रम ब्रेकची अडचण अशी की तापला की ड्रम फुगतो, आतल्या लायनरपासून दूर सरकतो, आणि पाय खाली जाऊनही गाडी थांबत नाही. आपल्याकडे बोरघाट उतरणाऱ्या जुन्या ड्रायव्हरला हे वेगळं शिकवायला लागत नाही. म्हणून तर तो खालचा गिअर सोडत नाही. डिस्क मात्र उघड्यावर असते, वारा लागतो, आणि तापून जाड झाली तर उलट पॅडच्या जवळच येते. जग्वार आणि डनलॉप यांनी मिळून तिच्यावर काम केलं. सुरुवातीला ब्रेकचं तेलच उकळायचं. पण १९५२ मध्ये स्टर्लिंग मॉस यांनी रँस इथे डिस्क ब्रेकच्या सी-टाइपवर शर्यत जिंकली, आणि १९५३ च्या ल मॉं शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी २४ तासांत ३०४ फेऱ्या मारून पहिला क्रमांक मिळवला. सरासरी वेग ताशी १७० किलोमीटर! लांबलचक सरळ रस्त्याच्या शेवटी, पूर्ण वेगातून, ३०४ वेळा जोराचा ब्रेक. पहिल्या वेळी ड्रमही झकास थांबवतो. प्रश्न तीनशेव्या वेळचा असतो. १९५६ मध्ये ट्रायम्फ टीआर-३ या सामान्य माणसाला परवडेलशा स्पोर्ट्स गाडीलाही पुढे डिस्क आल्या.

ब्रेक सुधारले, तसा भार टायरवर आला. गाडी शेवटी थांबवतो तो टायर. ब्रेक फक्त चाक थांबवतो. मिशेलँने १९४६ साली रेडियल टायरचं पेटंट घेतलं. जुन्या आडव्या-तिरप्या धाग्यांच्या टायरपेक्षा हा कितीतरी जास्त टिकायचा. टायर आता वर्षानुवर्षं चालणार असं वाटलं. पण स्पोर्टी गाडीवाल्यांना टिकाऊपणा नको होता, पकड हवी होती. पकड म्हणजे मऊ रबर, आणि मऊ रबर झिजतंच. अमेरिकेत टायरच्या बाजूवर झिजेचा आकडा छापणं बंधनकारक झालं, तेव्हा हा सौदा उघड दिसायला लागला: कुटुंबाच्या गाडीच्या टायरवर ५०० किंवा ६००, ट्रॅकवर पळणाऱ्यांच्या टायरवर २००.

शिवाय अशा गाडीची चाकं वळणावर पकड मिळावी म्हणून वरच्या बाजूने आत कललेली असतात. त्यामुळे टायरची आतली कड आधी जाते. बाहेरून बघावं तर नक्षी छान, आणि आत तारा दिसायला लागलेल्या. स्टिअरिंग पूर्ण वळवून, हात आत घालून बघितल्याशिवाय कळत नाही.

याला उत्तर म्हणून काहींनी महाग पदार्थ शोधले. पोर्शने २००१ मध्ये सिरॅमिक डिस्क आणल्या. माझ्दाने १९८९ च्या एमएक्स-५ मध्ये जास्त शहाणं उत्तर दिलं, असं आम्हाला वाटतं: गाडीच हलकी ठेवली, हजार किलोच्या आत. कमी वजन, कमी उष्णता, अरुंद आणि स्वस्त टायर. त्या गाड्या आजही इतक्या संख्येने रस्त्यावर दिसतात, त्यात या साध्या हिशेबाचा वाटा मोठा आहे.

पण जपून ठेवलेली गाडीही झिजते, फक्त वेगळ्या तऱ्हेने. उभ्या गाडीच्या डिस्कला गंज चढतो. रबर कडक होतं, नक्षी पूर्ण असली तरी पकड गेलेली असते. म्हणून टायरवरचे चार अंक बघायचे, आठवडा आणि वर्ष. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी ओढतं. डॉट-४ तेल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं. ओलावा धरल्यावर ही हमी १५५ वर येते. आणि हे सगळं किलोमीटरच्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

झिजलेलं जातं कुठे, हा प्रश्न मात्र आता कायद्यात आला आहे. २०२० मध्ये अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचे कोहो सॅमन मासे पावसानंतर का मरतात याचा छडा लागला: टायर लवकर तडकू नये म्हणून त्यात घातलेलं एक रसायन ओझोनशी संयोग पावून विष बनत होतं. युरोपच्या युरो-७ नियमांनी पहिल्यांदाच ब्रेकच्या धुळीवर मर्यादा घातली आहे, साध्या पेट्रोल-डिझेल मोटारीसाठी किलोमीटरला ७ मिलिग्रॅम आणि पूर्ण विजेच्या गाडीसाठी ३. २०२६ च्या नोव्हेंबरअखेरीपासून ती नव्या मॉडेलांना लागू होते. टायरच्या झिजेची मर्यादा त्यामागोमाग येते आहे.