उपवासाचा दाणा

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील प्राचीन वास्तूंत ‘तेली का मंदिर’ उंचीमुळे दुरूनच नजरेत भरते. आठव्या-नवव्या शतकांच्या सुमाराचे हे देवालय. त्यास तेल्याचे नाव का पडले ह्याविषयी निरनिराळे तर्क केले जातात. ते काहीही असो. त्या काळच्या ग्वाल्हेरच्या तेल्याने घाण्यात गाळले ते तिळाचे आणि मोहरीचे तेल. भुईमुगाची शेंग त्याच्या दृष्टीस पडणे शक्यच नव्हते, कारण हे झाड तेव्हा अमेरिका खंडाबाहेर कोठेही नव्हते.

आज त्याच किल्ल्याच्या पायथ्याशी हिवाळा लागला की गाड्यांवर भाजक्या शेंगांचे ढीग दिसू लागतात. शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात भुईमूग हे खरिपाचे मोठे पीक झाले आहे. आणि दौलतराव शिंद्यांनी १८१० साली तळ दिला तेव्हापासून ‘लष्कर’ ह्या नावाने वाढलेल्या वस्तीतील मराठी घरांत दाण्याच्या कुटाचा डबा मिठाच्या बरणीइतकाच अवश्य मानला जातो. कोशिंबीर, भरली वांगी, आमटी, चटणी, लाडू. कूट कशात पडत नाही हे सांगणे अधिक सोपे. मात्र शिंद्यांच्या फौजा उत्तरेत आल्या त्या काळी भुईमूग व्यापारी पीक म्हणून देशात पसरलेला नव्हता. हा प्रसार मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. तेव्हा, जी चव आज पिढीजात वाटते ती लष्करातील मराठी घरांत वस्तीमागून आलेली असावी.

पाहुण्याची परदेशी ओळख त्याच्या नावांत राहून गेली आहे. बंगालीत तो ‘चिनाबादाम’, तमिळमध्ये ‘मणिलाकोट्टै’, म्हणजे मनिलाचे बी. एकाने त्याला चीनचा मानले, दुसऱ्याने फिलिपाइन्सचा. मराठीने गाव न विचारता केवळ वागणूक पाहिली आणि ‘भुईमूग’ म्हटले. हे नाव शास्त्रदृष्ट्याही चोख आहे. फूल जमिनीवर उमलते, नंतर आऱ्या सुटून मातीत शिरतात आणि शेंग जमिनीच्या पोटात भरते. कुळ मुगाचेच, कडधान्याचे; बदाम-अक्रोडाशी त्याचे नाते नाही. लोकमान्य टिळकांच्या बालपणीची शेंगांच्या टरफलांची गोष्ट प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेली असते. ती जशीच्या तशी घडली की नाही हा प्रश्न निराळा; पण शाळेतील मुलांच्या खोड्यांची गोष्ट रचतानाही शेंगाच आठवाव्यात, इतका हा दाणा मराठी जीवनात मुरला हे खरे.

सर्वांत गमतीचा भाग उपवासाचा. धान्य वर्ज्य मानणाऱ्या एकादशीला हे कडधान्य चालते, कारण नियम बांधणाऱ्यांना ते ठाऊकच नव्हते. साबुदाण्याच्या खिचडीची परीक्षा करावी. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, बटाटा, मिरची आणि दाणे ही चारही अमेरिकेची देणगी. जिरे आणि तूप तेवढे जुन्या जगाचे!

तेल आणि साबण ह्यांसाठी ह्या दाण्याने दूरचे प्रवास केले. एकोणिसाव्या शतकात पाँडिचेरीहून भुईमुगाची जहाजे फ्रान्समधील मार्सेय बंदराला जात. १९३७ साली बाजारात आलेल्या ‘डालडा’सारख्या वनस्पती तुपासाठी पुढे कित्येक वर्षे मुख्यतः भुईमुगाचेच तेल लागे. तेल काढल्यावर उरलेली पेंड गुरांच्या गव्हाणीत आणि उसाच्या शेतात गेली. अमेरिकेत गुलामगिरीत जन्मलेले शास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर ह्यांनी १९१६ साली भुईमुगाचे १०५ खाद्यप्रकार सांगणारी पुस्तिका काढली. दाण्याचे लोणी त्यांनीच शोधले असे पुष्कळ ठिकाणी छापले जाते. ते बरोबर नाही. हे लोणी त्यांच्या आधीचे. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी हिंडताना गांधीजींचा आहार मुख्यतः दाण्याचे लोणी आणि लिंबू हाच होता. स्कॉटलंडमध्ये तर दाण्यातील प्रथिनांपासून ‘आर्डिल’ नावाचा लोकरीसारखा धागा काढण्यात आला. तो फार टिकला नाही, १९५७ साली त्याचा कारखाना थांबला.

भारताच्या दृष्टीने अधिक मोलाचे काम म्हैसूर येथे झाले. १९५० साली स्थापन झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने तेल काढलेल्या दाण्याचे पीठ तीन भाग आणि हरभऱ्याचे पीठ एक भाग असे पौष्टिक मिश्रण तयार केले. दाण्यात शंभरात सुमारे पंचवीस भाग प्रथिने असतात. दूध-डाळ ज्यांना परवडत नाही अशा मुलांना ती स्वस्तात मिळावीत हा हेतू होता.

आणि नेमकी हीच प्रथिने काही मुलांना विषासमान ठरतात.

बाहेरून आलेल्या निरुपद्रवी पदार्थाला शरीर शत्रू समजून त्याच्यावर उलटते, ही कल्पना फार जुनी नाही. फ्रान्सचे शार्ल रिशे आणि पोर्तिए ह्यांनी १९०२ साली अशा तीव्र प्रतिक्रियेचे वर्णन केले. व्हिएन्नाचे फॉन पिर्के ह्यांनी १९०६ साली ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द घडविला. मराठी घरात त्यासाठी शब्द नव्हता असे नाही. ‘दाणे बाधतात’, ‘पित्त उठते’ असे म्हटले जाई. अडचण अशी की हे शब्द फारच सौम्य आहेत. जळजळ आणि अपचन ज्या शब्दात बसते त्याच शब्दात प्राणसंकटही बसविले गेले. दाणे खाल्ल्याने छातीत जळजळते तो वेगळा आणि काही मिनिटांत ज्याच्या अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते, श्वास घरघरतो तो वेगळा. दुसऱ्याला ‘एका दाण्याने काय होते?’ असे म्हणून आग्रह करणे हे वात्सल्य नव्हे, अज्ञान आहे. श्वास अडू लागला तर अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपाय. पित्ताची गोळी देऊन वाट पाहण्यात मोलाचा वेळ जातो, रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते.

ह्या विकाराबाबत वैद्यकानेही एक मोठे वळण घेतले. २००० साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत दाणे देऊ नयेत असे सांगितले. २००८ साली तो सल्ला मागे घेण्यात आला. त्याच वर्षी असे आढळले की इंग्लंडमधील ज्यू मुलांत ही अ‍ॅलर्जी इस्रायलमधील मुलांपेक्षा सुमारे दहापट अधिक आहे. आणि इस्रायलची मुले तान्हेपणीच दाण्याचा खाऊ खातात. मग लंडनमध्ये तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली ६४० बालके निवडून प्रयोग करण्यात आला. त्याचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. आरंभी त्वचेच्या चाचणीत निर्दोष ठरलेल्या मुलांपैकी दाणे टाळणाऱ्यांत पाच वर्षांच्या वयापर्यंत शेकडा १३.७ जणांना अ‍ॅलर्जी जडली, नियमित खाणाऱ्यांत केवळ १.९ जणांना. आजीने वरणभातात मिसळलेला चिमूटभर कूट अगदीच अडाणीपणाचा नव्हता, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र बालकाला इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर आरंभ डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावा. आणि लहान मुलाला अख्खा दाणा कधीच देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो.

ज्याला अ‍ॅलर्जी जडली आहे त्याच्यापुढचा प्रश्न मात्र स्वयंपाकघराचा आहे. शुद्धीकरण केलेल्या तेलात प्रथिने जवळजवळ उरत नाहीत. लाकडी घाण्याच्या तेलात ती असू शकतात. दाणे खमंग भाजल्याने त्यांची अ‍ॅलर्जी निर्माण करण्याची शक्ती वाढते, उकडल्याने कमी होते, नाहीशी होत नाही. पिस्त्याच्या नावाने हिरवे रंगवलेले दाण्याचे काप मिठाईवर पडतात, तेथे तर डोळ्यांचाही उपयोग नाही. वेष्टनातील खाद्यपदार्थांवर भुईमुगाचा उल्लेख करणे भारतातील २०२० च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. पण मुरैना-ग्वाल्हेरकडची गजक पुष्कळदा सुटीच तोलली जाते, आणि तिळाची व दाण्याची गजक एकाच ठिकाणी कुटली जात असेल तर तिळाच्या वडीतही दाण्याचा अंश येतो. एकादशीच्या घरी प्रसाद वाटताना हात मागे घेणारे मूल उद्धट ठरविले जाते. त्याच्याऐवजी ‘ह्यात कूट आहे का?’ हे यजमानिणीनेच आधी सांगितले, तर त्या मुलाला केळे खाऊन पंगतीत सुखाने बसता येते.