कधीच कमी न होणारे गुण

आपल्या उत्सवात रात्रीची आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि मुले पांगली की मंडपाच्या मागे सतरंजी पडते आणि मेंढीकोट सुरू होतो, हे गोपालपुऱ्यातील आपल्या मराठी कुटुंबांना सांगायला नको. शेजारची राजस्थानी मंडळीही हौसेने येऊन बसतात, कारण त्यांचा 'दहला पकड' आणि आपला मेंढीकोट ही जवळजवळ सख्खी भावंडे. गेल्या वर्षी अशाच एका डावात कार्यकारिणीतील एका तरुण सभासदाने मला विचारले, "काका, तुम्ही तर ब्रिजवाले. स्पर्धा खेळलेले. मग इथे मेंढीकोटाला कसे?" डाव रंगात होता, उत्तर राहून गेले. संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा वाटले, ते उत्तरच लिहून द्यावे. त्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल आणि थोडे स्वतःविषयीही.

मी मूळचा वाईचा. 1981 साली बँकेच्या नोकरीत बदली होऊन जयपूरला आलो. तेव्हा गोपालपुरा बायपासवर आजच्यासारखी कोचिंग क्लासेसची दाटी नव्हती. कार्यालयातील चार वरिष्ठ मंडळी संध्याकाळी ब्रिज खेळत. एके दिवशी चौथा गडी आला नाही म्हणून मला बसवले. मी मेंढीकोटाच्या सवयीने विचारले, "हुकूम कौनसा है?" तिघेही गोंधळून माझ्याकडे पाहू लागले. इकडे 'हुकुम' म्हणजे आपले इस्पिक! बदामाला पान, चौकटला ईंट आणि किलवरला चिड़ी. एका शब्दावरून पहिला डाव फुकट गेला. पण तिसऱ्या डावापर्यंत मला या खेळाने धरले ते धरलेच.

ज्यांना ब्रिज ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार खेळाडू, समोरासमोर भिडू, प्रत्येकी 13 पत्ते, हुकूम वगैरे सगळे मेंढीकोटासारखेच. फरक असा की इथे मेंढ्या पकडायच्या नसून आपली जोडी किती हात करणार हे आधी बोली लावून सांगायचे आणि मग तेवढे करून दाखवायचे. बोली म्हणजे केवळ आकडा नव्हे, ती भिडूशी बोलण्याची भाषा असते. एका खेळाडूला येऊ शकणाऱ्या 13 पत्त्यांचे प्रकार 6,35,01,35,59,600 इतके आहेत, म्हणजे त्रेसष्ट हजार कोटींच्या वर. जन्मभर खेळले तरी तोच हात पुन्हा हाती येईल याची आशा धरू नये.

आज खेळला जातो तो 'कॉन्ट्रॅक्ट ब्रिज' फार जुना नाही. हॅरोल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन धनिकाने 1925 च्या शरद ऋतूत पनामा कालव्यातून जाणाऱ्या 'फिनलंड' नावाच्या जहाजावर गुण मोजण्याची नवी पद्धत मित्रांबरोबर खेळून पाहिली आणि चार-पाच वर्षांत ती अमेरिकाभर पसरली. वेड इतके की 1929 साली कॅन्सस सिटीत एका गृहिणीने फसलेल्या डावावरून झालेल्या भांडणात नवऱ्याला गोळी घातली, आणि पुढे ती निर्दोष सुटलीही. (आमच्या सौ.ला ही हकिगत मी फार उशिरा सांगितली.) 1931-32 च्या हिवाळ्यात एली कल्बर्टसन आणि सिडनी लेन्झ यांचा 150 रबरांचा सामना झाला, तेव्हा वृत्तपत्रे मंदीच्या बातम्यांइतकीच जागा त्याला देत होती.

पण चांगले पत्ते आले म्हणून जिंकलो, यात कसले कौतुक? यावर तोडगा व्हिस्टच्या काळातच निघाला होता. 1857 साली लंडनमध्ये 'कॅव्हेंडिश' या टोपणनावाने लिहिणाऱ्या हेन्री जोन्स यांनी तेच पत्ते दोन टेबलांवर खेळवून पाहिले. यालाच पुढे डुप्लिकेट म्हणू लागले. वाटलेले पत्ते चार कप्प्यांच्या पाकिटात जसेच्या तसे ठेवायचे आणि ते पाकीट टेबलामागून टेबल फिरवायचे. तुमचे पत्ते भिकार असले तरी चिंता नाही, कारण तेच भिकार पत्ते इतर टेबलांवर तुमच्याच जागी बसलेल्यांनाही मिळणार. त्यांच्यापेक्षा तुम्ही काय बरे केलेत एवढाच प्रश्न. जितक्या जोड्यांना मागे टाकाल तितके प्रत्येकी दोन गुण, बरोबरीला एक. नशीब बाजूला काढण्याची इतकी सुंदर युक्ती दुसऱ्या कुठल्या पत्त्यांच्या खेळात मला दिसलेली नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली आंध्रातील एका क्लबच्या खटल्यात रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवला, तेव्हा पत्ते वाटण्यातल्या दैवाची तुलना करताना ब्रिजचाच दाखला दिला होता.

इथवर सगळे निर्मळ होते. मग आले मास्टर पॉइंट.

1930 च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकन ब्रिज लीगने स्पर्धेतील यशाबद्दल खेळाडूच्या नावावर गुण जमा करण्याची योजना काढली. लीगचे चिटणीस विल्यम मॅकेनी हे तिच्यामागचे मोठे नाव. हेतू चांगला होता, खरे उस्ताद कोण हे कळावे. 1936 साली पहिले दहा 'लाइफ मास्टर' जाहीर झाले. पहिल्या क्रमांकावर डेव्हिड ब्रूस होते, आणि यादीत ओस्वाल्ड जॅकोबी, हॉवर्ड शेंकन असे दिग्गज. दहाच माणसे! पण लवकरच ध्यानात आले की उस्तादांपेक्षा सामान्य खेळाडूलाच या गुणांची गोडी जास्त. मग गावोगावच्या क्लबांतील साध्या खेळालाही गुणाचे अंश मिळू लागले. एका मास्टर पॉइंटचे शंभर भाग, आणि त्यांच्या चिठ्ठ्या. लोक त्या ड्रॉवरमध्ये साठवत आणि गठ्ठा झाला की मुख्यालयाला पाठवत. लाइफ मास्टर होण्यासाठी बराच काळ 300 गुण लागत, 2010 पासून नव्या सभासदांना 500 लागू लागले. पुढे गुणांना रंगही आले. क्लबचे काळे, मोठ्या स्पर्धांचे रुपेरी, लाल, सोनेरी, आणि अमुक पदवीला अमुक रंगाचे इतके हवेतच. आपल्याकडे लहान मुले चॉकलेटच्या वेष्टनातील चित्रे जमवीत आणि एका चित्रासाठी अडून बसत, तसेच हे. फक्त इथे मुले साठीची.

या सगळ्या रचनेतील खरी मेख एकच आहे आणि ती मला फार वर्षांनी दिसली. मास्टर पॉइंट कधीच कमी होत नाहीत. बुद्धिबळाची गोष्ट निराळी. प्राध्यापक अर्पाद एलो यांची मानांकन पद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघाने 1970 साली स्वीकारली, तिच्यात हरलात की गुण खाली येतात. तो खरा तराजू म्हणायचा. मास्टर पॉइंट म्हणजे पिग्मीच्या खात्यासारखा, त्यातून काढण्याची सोय नाही. वाईट खेळा, पण खेळत राहा, आकडा वाढतच जाणार. जागतिक ब्रिज महासंघाला हे जाणवले असावे, कारण त्याच्या क्रमवारीचे गुण दरवर्षी काही टक्क्यांनी घटवले जातात. मात्र तिथेही विशेष यशाचे गुण कायम राहतात, आणि सर्वोच्च किताब त्यांच्यावरच मिळतो.

या आकड्याने माणसे कशी पळवली याचे उदाहरण म्हणजे बॅरी क्रेन. हॉलिवूडमधील हे दूरचित्रवाणी निर्माते शनिवार-रविवारी विमानाने स्पर्धांच्या गावी जात. वर्षात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला मॅकेनी यांच्या नावाचा चषक मिळे. क्रेन यांनी तो सहा वेळा जिंकला आणि 1968 साली जॅकोबी यांनाही एकूण गुणांत मागे टाकले. 1985 च्या जुलैमध्ये त्यांची घरातच हत्या झाली, तेव्हा त्यांच्या नावावर पस्तीस हजारांच्या आसपास गुण होते. आरोपी सापडायला 2019 साल उजाडले. तो चषक आता क्रेन यांच्या नावाने दिला जातो. पुढे पॉल सोलोवे त्यांच्याही पुढे गेले. 2007 साली ते वारले तेव्हा त्यांच्या खात्यावर पासष्ट हजारांहून अधिक गुण होते.

क्रेन आणि सोलोवे हे थोर खेळाडू होते. मी कोण? पण रोग तोच. आपल्याकडे राष्ट्रीय स्पर्धांत सांघिक 'रुईया' आणि जोड्यांचा, इंदूरच्या होळकरांचे नाव मिरवणारा 'होळकर' चषक, ही मानाची नावे. तिथे जिंकण्याची माझी कुवत नव्हती हे मला पहिल्या दोन वर्षांतच कळले होते. कुवत नाही हे कळूनही मी थांबलो नाही, कारण गुण मिळत होते. अर्जित रजा त्यात गेल्या. एका वहीत मी तारीखवार हिशेब ठेवी. पासबुक इतक्या वेळा कधी उघडले नसेल.

1996 साली गौरीपूजनाच्या दिवशी मी दुसऱ्या एका शहरात स्पर्धेला होतो. आई त्या वर्षी वाईहून मुद्दाम आमच्याकडे गणपतीला आली होती. "गौरी जेवायच्या दिवशी तरी घरी थांब," एवढेच ती म्हणाली. मी म्हटले, भिडूला शब्द दिला आहे. ते खरे होते, पण पुरते खरे नव्हते. पुढच्या पायरीला थोडेच गुण कमी होते. सौ.ने आणि नऊ वर्षांच्या मुलाने सगळे केले. मी परतलो तेव्हा गौरी-गणपतीचे विसर्जन होऊन गेले होते. चौरंग रिकामा, आणि ताटाखाली माझ्यासाठी दोन पुरणपोळ्या झाकून ठेवलेल्या. आईने विचारले, "जिंकलास का रे?" मी म्हणालो, "जिंकलो नाही, पण पॉइंट मिळाले." तिला ते समजले नाही आणि मलाही समजावून सांगता आले नाही. पुढच्या गणपतीला आई नव्हती. त्या स्पर्धेतले किती गुण मिळाले ते वहीत अजून आहे. आकडा इथे लिहावासा वाटत नाही.

त्यानंतर काही वर्षे मी सोडले. अमेरिकेत बी. एफ. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारली की दर वेळी दाणा मिळत असेल, तर दाणे बंद झाल्यावर कबुतर लवकर थांबते. दाणा कधी मिळतो, कधी नाही असे असेल, तर ते बराच वेळ चोच मारीतच राहते. मीही असाच, निवृत्तीनंतर पुन्हा चोच मारू लागलो.

यात ब्रिजचा दोष नाही, हे मुद्दाम लिहितो. 2018 च्या जाकार्ता आशियाई खेळांत ब्रिजला प्रथमच स्थान मिळाले, आणि 60 वर्षांचे प्रणव बर्धन व 56 वर्षांचे शिबनाथ सरकार या बंगाली जोडीने सुवर्णपदक आणले. पुरुष संघ आणि मिश्र संघालाही कांस्य मिळाले. त्या दिवशी आमच्या गल्लीत जे लोक मला "पत्त्यांत वेळ घालवणारे" म्हणत, त्यांनीच पेढे मागितले. हांग्जो येथे 2023 साली झालेल्या पुढच्या आशियाई खेळांत पुरुष संघाने रौप्य जिंकले. ही माणसे पदकासाठी खेळली, हरण्याचा धोका पत्करून. मी खेळत होतो तो खेळ मुळात वेगळाच होता.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, क्लब बंद झाले आणि जगभरचा ब्रिज संगणकावर गेला. तिथे चौथ्या गड्याची वाट पाहावी लागत नाही. बाकीचे तिघे यंत्रमानव, रात्री दोन वाजताही हजर. थोडे पैसे भरायचे, डाव खेळायचे, लगेच निकाल आणि लगेच गुणाचा अंश. घरबसल्या खोटेपणाची प्रकरणेही त्या काळात जगभर बरीच उघडकीस आली. माझे म्हणाल तर मी यंत्रांना काय फसवणार? मी रात्रीमागून रात्री खेळत बसलो.

माझा नातू तेव्हा आमच्याकडे राहून प्रवेश परीक्षेची तयारी करीत होता. आपल्या या भागात प्रत्येक खांबावर कुठल्या तरी मुलाचा फोटो आणि खाली त्याची रँक, हे आपण रोज पाहतो. टाळेबंदीत त्याचे क्लासही मोबाइलवर आले होते. दर रविवारी चाचणी, आणि तिचा निकाल रात्री. एका रात्री एकच्या सुमारास पाणी प्यायला उठलो तर तो स्वयंपाकघरात अंधारात बसलेला. रँक घसरली होती. माझ्या हातातही मोबाइल होता. त्याने विचारले, "आजोबा, तुमचं काय झालं? वाढले?" मी म्हणालो, "थोडे वाढले."

"आणि हरलात तर किती कमी होतात?"

"कमी होत नाहीत."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मग हरता कसे?"

मला उत्तर आले नाही. आम्ही दोघांनी चहा करून प्यायलो. दुसऱ्या दिवशी मी खाते बंद केले, असे लिहिले तर लेख शोभून दिसेल, पण तसे झाले नाही. सुटायला आठ-नऊ महिने लागले, आणि मधे दोनदा परत गेलो. वही मात्र माळ्यावर टाकली. नातू पुढे त्याला हवा होता त्या नव्हे, दुसऱ्याच शाखेला गेला आणि बरा आहे.

तर, त्या तरुण मित्राला उत्तर असे. मेंढीकोटाचा हिशेब आपण प्रसादाच्या रिकाम्या खोक्याच्या झाकणावर लिहितो आणि सकाळी मंडप झाडताना तो खोका कचऱ्यात जातो. रात्री माझ्यावर चढलेला कोट सकाळी कोणाला आठवत नाही, आणि मी चढवलेलाही नाही. ब्रिज मी आजही खेळतो, चौघे जमले की घरी, नोंद न ठेवता. कोणाला शिकायचा असेल तर त्यांनी उत्सवाच्या दिवसांत रात्री नऊनंतर मंडपामागे यावे. पत्त्यांचे दोन जोड माझ्याकडे आहेत. झाकण कोणीतरी आणावे.