फिश वाद्यवृंद : पूर्वीचा आणि अलीकडचा



"पूर्वीची मजा आतां राहिली नाहीं," हें वाक्य वय झालेल्या प्रत्येक कलावंताच्या वांट्यास येतें. अमेरिकेंतील 'फिश' या वाद्यवृंदाच्या रसिकांत हा वाद कित्येक वर्षें चालला आहे. इतिहासाच्या दृष्टीनें त्याचा निवाडा कसा करावा, तें आज पाहूं.

हा वृंद १९८३ सालीं व्हरमाँट विद्यापीठांत जन्मास आला. गिटारवादक ट्रे अनास्तासिओ, बेस गिटार वाजविणारा माइक गॉर्डन, ड्रमवादक जॉन फिशमन आणि १९८५ सालीं आलेला पियानोवादक पेज मॅकॉनेल हे त्याचे चार खांब. अशा वृंदांस 'जॅम बँड' म्हणतात. बांधीव चीज वाजवावी, आणि मध्येंच ती सोडून, आधीं कांहीं न ठरवितां, सर्वांनीं मिळून विस्तार करावा, ही त्यांची रीत.

आरंभीं सारा भर बिकट बंदिशींवर होता. पुढें तालमींत त्यांनीं एक नामी अभ्यास चालविला. एकानें लहानसा तुकडा सुरू करावयाचा, इतरांनीं त्यास जुळवून घ्यावयाचें. आणि बाकीचे तिघेहि स्थिरावले असें ज्यास ऐकूं येईल, त्यानें 'हे' असा उद्गार काढावयाचा. चौघांचे उद्गार झाले म्हणजे पुढचा तुकडा. स्वतः वाजविण्याइतकेंच दुसऱ्याचें ऐकणें महत्त्वाचें, हा त्यांतील धडा. १९९७ सालीं त्याचें फळ दिसलें. लय संथ झाली, गिटारची सद्दी कमी झाली, चौघे सारख्या हक्कानें बोलूं लागले. १९९९ च्या अखेरच्या रात्रीं फ्लॉरिडांतील बिग सायप्रस येथें ते मध्यरात्रीपासून सूर्योदयापर्यंत वाजवीत राहिले.

नंतर उतार लागला. २००० ते २००२ विश्रांतींत गेलीं. २००४ च्या ऑगस्टांत कॉव्हेंट्री येथें चिखलांत निरोपाचा कार्यक्रम झाला. तेथें पाठ असलेल्या बंदिशीहि हातून निसटल्या. २००६ सालीं अमली पदार्थांच्या प्रकरणीं अनास्तासिओस अटक झाली. पुढें तो व्यसनमुक्त झाला. २००९ च्या मार्चांत हॅम्प्टन येथें चौघे पुनः एकत्र आले. २०१७ सालीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें त्यांनीं तेरा रात्रींत २३७ चिजा वाजविल्या. पुनरुक्ति एकहि नाहीं! २०२४ सालीं, साठीच्या आसपास असतांना, लास व्हेगासच्या स्फिअरमध्यें चार रात्री त्यांनीं हाच नेम पाळला.

मग श्रेष्ठ काळ कोणता? येथें पुरावा तपासला पाहिजे. या वृंदानें श्रोत्यांस ध्वनिमुद्रणाची मोकळीक दिली होती, आणि त्या फिती हातोहात फिरल्या. फिरतां फिरतां निवड झाली. रंगलेली रात्र अनेकांनीं उतरवून घेतली, फिक्या रात्रीची आठवण थोड्यांनींच ठेवली. त्यामुळें १९९७ साल आपणांपुढें पाखडून येतें आणि २०२४ साल कोंड्यासकट. निवडलेल्या धान्याशीं सबंध खळ्याची तुलना न्याय्य नव्हे.

तरुणपणचा वेग आणि बेफिकिरी पुनः येत नाहीं, हें मान्य. परंतु ऐकण्याची कला वयाबरोबर झिजतेच असें नाहीं. तालमींत जो 'हे' मोठ्यानें म्हणावा लागे, तो अलीकडच्या विस्तारांत न उच्चारतां ऐकूं येतो. रसिकानें जुनी एक आणि नवी एक, अशा दोन रात्री आरंभापासून अखेरपर्यंत ऐकाव्या, आणि मगच आपला निवाडा द्यावा.